माप उन्हाळ्याचं की हिवाळ्याचं?

पुण्यातला सराफ अंगठीसाठी बोट मागतो. नागपुरात, इतवारीच्या सराफ्यातला मुरलेला कारागीर आधी महिना विचारतो. "घालाची कधी आहे?" म्हणतो. डिसेंबरातलं साक्षगंध असेल आणि मुलगा थंडीनं आकसलेलं बोट पुढे करून उभा असेल, तर तो एकदा त्या बोटाकडे, एकदा मुलाच्या बापाकडे बघतो आणि सांगून टाकतो, "आता बरोबर बसून राहिली, पण मे महिन्यात निघणार नाही. मग म्हणू नका."

बाहेरगावच्या गिऱ्हाइकाला हे चमत्कारिक वाटतं. पण ज्या गावात २३ मे २०१३ ला पारा ४७.९ अंशांवर चढला आणि २९ डिसेंबर २०१८ ला ३.५ अंशांपर्यंत उतरला, त्या गावात माणसाचं बोट ही स्थावर मालमत्ता धरता येत नाही. ती जंगम आहे.

सोन्याकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही. तापलं की सोनं वाढतं हे आपण शाळेत शिकलो, पण किती वाढतं हे गुरुजींनी सांगितलं नव्हतं. या दोन आकड्यांमधलं अंतर ४४ अंशांचं. तेवढ्यात ५५ मिलीमीटर घेराची अंगठी वाढते ती ०.०३ मिलीमीटर. केसाच्या जाडीइतकंही नाही. फुगतं ते बोट. उन्हाळ्यात शरीराला आतली उष्णता बाहेर टाकायची असते, म्हणून कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, हातापायांत पाणी उतरतं. थंडीत त्याच वाहिन्या अंग चोरून घेतात. अंगठीचा एक नंबर म्हणजे घेरात साधारण एक मिलीमीटर, आणि नागपूरकराचं बोट वर्षभरात एवढं अंतर सहज जाऊन येतं.

त्यात सावजी आहे. सावजीच्या रश्शात तिखट किती यावर नागपुरात वाद होतात, मिठाकडे कोणी लक्ष देत नाही. मीठ पाणी धरून ठेवतं. रात्री मित्राकडे सावजी मटण हाणलेला माणूस सकाळी सराफाकडे माप द्यायला गेला, तर ते माप त्याचं नसतं, रश्शाचं असतं. शिवाय सकाळचं बोट बारीक, संध्याकाळचं जाड. बहुतेकांचा उजवा हात कामाचा, म्हणून उजवं बोट डाव्यापेक्षा भरलेलं. हे सगळं कमी होतं म्हणून की काय, आता मोठमोठ्या शोरूम आल्या. बाहेर रस्त्यावर डांबर मऊ झालेलं, आत एसीचा गारठा. तुम्ही मऊ सोफ्यावर बसता, कोणीतरी ताक आणून देतं, आणि अर्ध्या तासात तुमचं बोट थेट जानेवारीत जाऊन पोचतं. मग माप घेतलं जातं. अंगठी सुंदर बसते. ती घालून तुम्ही सीताबर्डीच्या उन्हात येता, व्हरायटी चौकात सिग्नलला थांबता, आणि तिथेच लक्षात येतं की ही आता जन्माची सोबत आहे.

साक्षगंधाच्या अंगठीची गंमत आणखी वेगळी. उरलेला महाराष्ट्र ज्याला साखरपुडा म्हणतो त्याला आम्ही विदर्भातले लोक साक्षगंध म्हणतो. त्यात साक्षी भरपूर असतात, पण मुलाच्या बोटाचं माप एकाही साक्षीदाराला ठाऊक नसतं. सरळ मुलालाच विचारावं, हा मार्ग सहसा कोणाला सुचत नाही. सुचला तरी बरा दिसत नाही. मग तपास सुरू होतो. मुलीकडचा एखादा मामा चहाच्या वेळी मुलाच्या हाताशी हात लावून बघतो आणि घरी येऊन जाहीर करतो, "त्याचं अनामिकेचं बोट माझ्या मधल्या बोटाएवढं आहे." झालं. मामाच्या मधल्या बोटावर अंगठी होते. मामा तालमीतला आहे, आणि मुलगा आयटीतला, ज्याच्या बोटांनी आयुष्यात कीबोर्डपेक्षा जड काही उचललेलं नाही, हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

मुलीचं माप त्यामानानं लवकर मिळतं, कारण तिची बहीण फितूर होते. हल्ली व्हॉट्सअ‍ॅपवर बोटाचा फोटोही येतो. बोटाशेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवलेलं असतं. त्यातून काय समजून घ्यायचं ते कारागिरानं समजून घ्यायचं.

एरवी फजिती घरातल्या घरात मिटते. साक्षगंधात ती स्टेजवर होते. मुलगी अंगठी घालायला लागते, ती पहिल्या पेरापर्यंत ऐटीत जाते, आणि मधल्या सांध्याशी थांबते. बोटाची रचनाच अशी की सांधा जाड आणि त्याखालचा भाग बारीक. अंगठीला जायचं असतं सांध्यावरून, आणि राहायचं असतं खाली. सांध्याच्या मापाची केली तर खाली लुळी फिरते, खालच्या मापाची केली तर वर अडते. जगातली प्रत्येक अंगठी ही या दोन मापांमधली तडजोड आहे, आणि ती तडजोड झाली की फसली हे नेमकं पाचशे पाहुण्यांसमोर कळतं. फोटोग्राफर ओरडतो, "ताई, तिथंच थांबवा, असंच धरा!" त्याला वाटतं पोझ आहे. मुलीची आत्या खालून म्हणते, "जोर लाव ना माय!" मुलगा हसतमुखानं वेदना सोसतो. संसाराची रंगीत तालीम म्हणून हे वाईट नाही.

अमेरिकेतल्या जावयाच्या बाबतीत तर नंबरातच घोळ. तो कळवतो, "साइज नाइन." इथले लोक विश्वासानं ९ नंबरची अंगठी करून ठेवतात. ती त्याच्या करंगळीतही जात नाही. कारण अमेरिकेतला ९ म्हणजे आपल्याकडचा १९-२०. इंग्लंडात तर आकडेच नाहीत, ए-बी-सी-डी आहे. आपल्याकडच्या नंबरात ४० मिळवले की आतला घेर मिलीमीटरमध्ये जवळपास येतो, एवढं लक्षात ठेवलं तरी परदेशी जावयांची बरीच बोटं वाचतील.

आता २०१८ ची हकीकत सांगतो, कारण वर दिलेल्या थंडीच्या आकड्याला मी साक्षीदार आहे.

त्या वर्षी अधिक महिना आला तो ज्येष्ठात, १६ मे ते १३ जून. अधिक महिना म्हणजे धोंड्याचा महिना, आणि धोंड्याचा महिना म्हणजे जावयाचा सुगीचा हंगाम. तेहेतीस अनारसे, धोंडे, चांदीचं काहीतरी, कपडे. माझं लग्न जुनं झालेलं, माझ्या लेखी मी आता जावई कमी आणि घरचा गडी जास्त. पण मामाजींच्या, म्हणजे सासऱ्यांच्या मनात आलं की या वेळी जवाईबापूंना सोन्याची अंगठी करायची. नवतपा, म्हणजे मे अखेरचे नऊ कडक दिवस, तापलेला. दुपारी घराघरांत कूलर गुरगुरत होते. मामाजींनी मला स्कूटरवर मागे बसवलं, डोक्याला दुपट्टा गुंडाळायला लावला आणि थेट इतवारीत नेलं. उन्हातून पोचताक्षणी माप घेतलं. कारागीर काहीतरी बोलायला लागला होता, पण मामाजी म्हणाले, "माप घे नं बावा तू, उशीर होऊन राहिला." कान सोनारानंच टोचावे म्हणतात, पण त्यासाठी समोरच्यानं कान पुढे करावा लागतो.

अंगठी सुरेख झाली. जूनमध्ये बोटात अशी बसली की बोटाबरोबरच जन्मली असावी. दिवाळीपर्यंत ती थोडी मोकळी वागायला लागली. डिसेंबरात ती बोटात होती असं म्हणण्यापेक्षा बोटावर पाहुणी होती.

२९ डिसेंबरला शनिवार होता. सकाळी तर्रीपोहे खायला बाहेर पडलो होतो. त्या दिवशी पारा ३.५ वर आला आहे हे संध्याकाळी बातम्यांत कळलं, सकाळी फक्त एवढंच कळत होतं की बोटं माझी नाहीत. ठेल्यावर गर्दी होती. लोक प्लेट खाण्यासाठी कमी आणि हात शेकण्यासाठी जास्त धरून उभे होते. तर्री संपवली, बाजूला ठेवलेल्या बादलीतल्या बर्फासारख्या पाण्यात हात बुचकळले, झटकले, रुमालानं पुसले, आणि अनामिकेवर नुसता पांढरा वळ दिसला.

पोहेवाल्यानं माझा चेहरा पाहिला, बादली पाहिली, आणि न विचारता बाही वर केली. बादलीत ताटल्यांमधले पोहे, चणे, कांदा, लिंबाच्या फोडी, सगळं तरंगत होतं. त्यानं तळ ढवळला आणि अंगठी वर काढली. तिला एक हरभरा चिकटला होता. मी पाकीट काढलं तर तो म्हणाला, "पैशे कायले? आणखी एक प्लेट घ्या, जाऊ द्या." मी दोन घेतल्या.

त्या क्षणी मला कालिदास आठवला. नागपूरकराला आठवणारच, रामटेक पन्नासेक किलोमीटरवर. अंगठी सैल असणं ही आपल्याकडे साहित्यातली परंपरा आहे आणि तिचा मूळपुरुष कालिदास आहे. महाभारतातल्या शकुंतलेच्या गोष्टीत अंगठी नाहीच. ती कालिदासानं घातली, आणि सैल घातली. जरा विचार करा. दुष्यंत धनुष्य ओढणारा राजा. त्याच्या बोटातली नाव कोरलेली अंगठी त्यानं काढली आणि आश्रमात झाडांना पाणी घालणाऱ्या कोवळ्या मुलीला दिली. बसेल का? राजानं विचारलं नाही, प्रियंवदेनं विचारलं नाही, अनसूयेनं विचारलं नाही. कण्व मुनी तर गावालाच गेलेले. पुढे शकुंतला शचीतीर्थावर पाण्याला नमस्कार करायला गेली. गार पाणी, आकसलेलं बोट, चार नंबर मोठी अंगठी. ती पडली यात दुर्वासांचा शाप कशाला हवा? वेळीच कोणी दोरा गुंडाळून दिला असता तर सात अंकांचं नाटक चारात आटोपलं असतं. ती अंगठी माशाच्या पोटात गेली, कोळ्याला सापडली, पोलिसांनी त्यालाच चोर म्हणून धरलं, मग राजानं त्याला बक्षीस दिलं आणि त्यातला अर्धा वाटा त्यानं पोलिसांना दिला. आमचा पोहेवाला या हिशेबात फार वरचा माणूस.

बरं, कालिदास एवढ्यावर थांबत नाही. मेघदूतातल्या यक्षाचं सोन्याचं कडं मनगटावरून गळून पडतं. का, तर विरहानं तो वाळला. तो यक्ष ज्या रामगिरीवर राहत होता ती आपली रामटेकची टेकडी, असं नागपूरच्या महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी पुराव्यांनिशी मांडलं. विद्वानांचे यावर वाद आहेत. मला मात्र हवामानाच्या बाजूनं एक गोष्ट दिसते. मेघ आला आषाढात. म्हणजे रामटेकचा वैशाख-ज्येष्ठ नुकताच संपलेला. त्या दिवसांत माणसाचं मनगट फुगलेलं असतं, कडं रुतायला हवं. तरीही ते गळालं. याचा अर्थ यक्षाचा विरह अस्सल होता. हीच गोष्ट पौषात घडली असती तर मी त्याला इतवारीचा पत्ता दिला असता.

तर अंगठी परत मिळाली, पण बोट काही वाढेना. मग घरगुती उपाय सुरू झाला, दोरा. अंगठीच्या मागच्या बाजूला पांढरा दोरा घट्ट गुंडाळायचा, शेवटची गाठ आतून दडपायची. बायकोनं हे काम इतक्या सफाईनं केलं की अंगठी बोटात रुतून बसली. पहिल्या दिवशी दोरा पांढरा होता. तिसऱ्या दिवशी वरणामुळे पिवळा. आठवड्यानं त्याला असा रंग आला की ऑफिसातल्या एकानं दबक्या आवाजात विचारलं, "कोणाकडून आणला? गुण येऊन राहिला का?" त्याला तो मंतरलेला गंडा वाटला होता. मी हो म्हटलं. त्यानं पत्ता मागितला. दोऱ्याची अंगठी पाण्यात भिजली की दिवसभर ओली राहते, बोटाला खाज सुटते, आणि पोळी मोडताना तिच्यात कणीक जाऊन बसते. मेणबत्तीचं मेण, च्युइंगगम, आतून चिकटवायची प्लास्टिकची पट्टी, असे आणखी उपाय मला लोकांनी सांगितले. ते करून बघितलेला एकही समाधानी माणूस भेटला नाही.

शेवटी जानेवारीत मामाजी आणि मी पुन्हा सराफ्यात. कारागीर तोच. त्यानं मागच्या वेळी अर्धवट राहिलेलं वाक्य तिथूनच पुढे सुरू केलं. "म्हणलं होतं नं काकाजी, नवतप्यात माप घेऊ नका म्हणून." मामाजी म्हणाले, "मग आता दोन नंबर कमी कर." कारागीर हसला. "आता दोन कमी केले तं आखाजीले बोट कापा लागन. रथसप्तमी होऊ द्या, मग या. तवा एकच नंबर कमी करू."

मामाजींना हे पटलं नाही. गिऱ्हाईक दारात आलेलं असताना परत पाठवणारा माणूस त्यांच्या हिशेबात एकतर वेडा होता, नाहीतर फार पोचलेला. तरी फेब्रुवारीत आम्ही गेलो. त्याची बैठक माडीवर. अरुंद जिना, वर एका ओळीत बसलेले कारागीर, त्यातले पुष्कळ बंगालकडचे, कोणाच्या तरी मोबाइलवर लागलेलं गाणं. प्रत्येकासमोर लाकडी पाट, त्याच्या पुढच्या बाजूला अर्धगोल खाच, खाली झोळी. कानशीतून पडणारा कण त्या झोळीत पडावा म्हणून. जमिनीवर सांडलेलीही धूळ इथे टाकायची नसते. ती साठवतात, विकतात, आणि ती धुऊन त्यातलं सोनं काढणारे झारेकरी हा एक स्वतंत्र व्यवसाय आहे. सराफ्यात केरसुणीलाही उत्पन्न आहे.

त्यानं मापाच्या कड्यांचा जुडगा काढला आणि एकेक कडं बोटात घालून बघितलं. मग माझी अंगठी निमुळत्या लोखंडी गजावर सरकवली. गजावर आकडे कोरलेले असतात, जिथे अंगठी थांबेल तो तिचा नंबर. मोठी करायची असती तर एवढ्याशा फरकासाठी याच गजावर ठोकून वाढवता आली असती. छोटी करायची तर कापावीच लागते. आतला हॉलमार्कचा शिक्का कुठे आहे ते बघून त्यानं तो भाग सोडला आणि बारीक करवतीनं मागच्या बाजूला दोन छेद दिले. मधला तुकडा टप् करून ताटलीत पडला.

इथून पुढे मामाजींची नजर अंगठीवरून उठली आणि त्या तुकड्यावर बसली. कारागिरानं टोकं जुळवली, सांध्याला टाकणखार लावला, डाखाचा कण ठेवला, ज्योत फिरवली. अंगठी लाल झाली, डाख पाण्यासारखा वितळून सांध्यात शिरला. मामाजींनी ते पाहिलं नाही. मग तेजाबात टाकली, चर्र झालं. गजावर चढवून गोल केली, कानस मारली, रिठ्याच्या पाण्यात पितळी ब्रशनं घासली. काळी पडलेली अंगठी फेसातून पिवळीधमक बाहेर आली. बघण्यासारखं दृश्य होतं. मामाजी तुकडा बघत होते.

"तो तुकडा?" त्यांनी विचारलं.

"हा घ्या की." त्यानं चिमट्यानं उचलून काट्यावर ठेवला. गणित सोपं आहे. पाच ग्रॅमची अंगठी, पंचावन्न मिलीमीटर घेर, म्हणजे एका मिलीमीटरला ९० मिलीग्रॅम. मामाजी जुन्या वजनांचे. बारा मासे म्हणजे तोळा, आठ गुंजा म्हणजे मासा. त्यांनी तोंडी हिशेब केला, "पाऊण गुंज." त्या वेळी दहा ग्रॅमचा भाव तेहेतीस हजारांच्या घरात होता, म्हणजे तुकडा तीनशे रुपयांचा. मजुरी त्याच्याच आसपास. कारागीर म्हणाला, "मजुरीत धरून घेतो." मामाजी म्हणाले, "नाही, मजुरी रोख घे, तुकडा दे." मग बोटभर प्लास्टिकच्या पुडीत तो तुकडा, पुडी कागदात, कागद रुमालात, रुमाल खिशात, आणि खिशावर हात, असे आम्ही घरी आलो. तुकडा सासूबाईंच्या कुंकवाच्या करंड्यात गेला. एप्रिल २०२५ मध्ये भाव लाखाला भिडला तेव्हा तो नऊशे रुपयांचा झाला. माझे म्युच्युअल फंड वगैरे मी मामाजींपुढे आता काढत नाही.

पुढे नियम बदलले. १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षरा-आकड्यांचा एचयूआयडी असल्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. म्हणजे अंगठीला आता आधार क्रमांक आहे, आणि लहानमोठी करताना तो कापला जाणार नाही ना हे गिऱ्हाइकानं डोळ्यांत तेल घालून बघायचं.

खड्यांच्या अंगठ्या हे वेगळंच दुखणं. पवळं आणि मोती यांना ज्योत सोसत नाही, म्हणून आधी खडा काढायचा, मग डाख, मग पुन्हा खडा बसवायचा. त्यात ज्योतिषानं सांगितलेलं असतं की पुष्कराज तर्जनीतच आणि गुरुवारीच. बहुतेक वर्षी डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन नागपुरात भरतं. १९५३ च्या नागपूर करारात त्याचं मूळ आहे. मुंबईच्या दमट हवेत माप दिलेले, दोन्ही हातांत मिळून ग्रहमालाच घालून फिरणारे पुढारी नागपूरच्या थंडीत उतरतात. सगळे ग्रह एकदम सैल होतात. त्या दिवसांत भाषण करताना हात फार उंच उडवू नयेत, एवढंच सुचवतो.

खरं म्हणजे आपल्या पूर्वजांना हा सगळा घोळ ठाऊक असावा. पूजेला बसताना दर्भाचं पवित्रक बोटात घालतात. ज्याचं बोट त्याच्या मापाची गाठ, पूजा झाली की सोडून टाकायची. सोन्याच्या तारेचं वेढणं असे, त्याचे वेढे सैल करता येत, आवळता येत. आणि बायकांच्या पायातली जोडवी बघा, मागून उघडी. दाबली की बसतात, उन्हाळ्यात थोडी फाकवली की झालं. हजारो वर्षं कोणा बाईनं जोडव्याचा नंबर विचारल्याचं ऐकिवात नाही. बंद, कडक, नंबराची अंगठी ही हौस पुरुषांनी आणि साक्षगंधांनी वाढवली, आणि ती हौस पुरी करताना साबण, खोबरेल तेल आणि घरातल्या सगळ्यांचे सल्ले खर्ची पडू लागले.

अडकलेल्या अंगठीबद्दल एक गोष्ट मात्र थट्टा सोडून सांगायची आहे. बोट निळं-जांभळं व्हायला लागलं, बधिर झालं, तर तेल-साबणाचे प्रयोग करत बसू नका. दवाखान्यात जा. तिथे अंगठी कापायची छोटी गोल करवत असते, बोटाला पातळ पट्टीचं संरक्षण देऊन ती अंगठी कापतात. कापलेली अंगठी इतवारीत डाख लावून पुन्हा उभी राहते. बोटाला डाख लागत नाही.

माझी अंगठी एक नंबर कमी झाल्यापासून फेब्रुवारी आणि नोव्हेंबरात बरोबर बसते. मे महिन्यात दुपारी काढता येत नाही, पहाटे येते. डिसेंबरात पोहे खायला जाताना ती घरी ठेवतो. कारागिराच्या मते नागपुरात याहून चांगली अंगठी बसत नाही, आणि मला वाटतं तो खरं बोलतो.

तेव्हा समस्त सासरेमंडळींना विनंती. २०२६ चा अधिक महिनाही ज्येष्ठच आहे, १७ मे ते १५ जून, आणि नवतपा बरोबर त्याच्या मधोमध. जावयाला अंगठीच करायची असेल तर माप फेब्रुवारीत घ्या, जावयाच्या स्वतःच्या बोटाचं घ्या, संध्याकाळी घ्या, आणि आदल्या रात्री त्याला सावजी खाऊ घालू नका. हे जमणार नसेल तर चांदीचं निरांजन द्या. त्याला नंबर नसतो.